पोटाचा कारभारी



या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांवर अधिकारवाणीने बोलणारी माणसे येऊन जातात. आमचे शिक्षण आठवीत थांबले. पुढचे जे काही झाले ते कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. म्हणून आज आम्ही उपाहारगृहाच्या व्यवस्थापकाविषयी बोलणार आहोत. विषय हलका वाटेल. पण दुपारी एक वाजता भुकेल्या माणसाला तो हलका वाटत नाही.

प्रथम आमची एक चूक सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी एका कारखान्यात कँटीनच्या जेवणावरून आम्ही मोठा गलका केला. डाळ पातळ, पोळ्या चामड्यासारख्या! गल्ल्यावर बसणारा मॅनेजर आम्हांला आयतेखाऊ वाटला. त्याला हटवण्याची मागणी आम्ही केली, ती मान्य झाली आणि कारभार आमच्या समितीकडे आला. तिसऱ्या महिन्यात कोठीत तांदूळ नव्हता, वाण्याचे बिल थकले होते आणि डाळ पूर्वीपेक्षाही पातळ झाली होती.

चोरी कोणी केली नव्हती. आम्ही मोजले नव्हते, एवढेच. ६०० माणसांचे जेवण करायचे तर उद्या किती जण जेवतील याचा अंदाज आज हवा. पाळी बदलली, एकादशी आली, की आकडा बदलतो. १०० किलो बटाट्यांची १०० किलो भाजी होत नाही. साले आणि सडके काढून जे उरते त्यावर ताटाचा खर्च बसतो. आणि वाढप! १०० ग्रॅम उसळीच्या जागी डावातून १२० ग्रॅम पडू लागली, तर ६०० जणांची उसळ ५०० जणांतच संपते. शेवटच्या रांगेत कोण असतो? झाडूवाला आणि कंत्राटी कामगार. आमच्या औदार्याची किंमत त्यांच्या पोटाने दिली.

मॅनेजरचे काम आम्हांला तेव्हा दिसू लागले. बाजारभाव पाहून खरेदी करणे, कोठीतला जुना माल आधी काढणे, गरम अन्न ६० अंशांच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली राखणे, रोजचा जमाखर्च रोज लिहिणे. आणि भट्टीपाशी घामाघूम झालेल्या आचाऱ्याला व कपबश्या विसळणाऱ्या पोराला माणसासारखे वागवणे. यांतले शेवटचे सुटले की आधीचे सारे कोसळते, कारण चिडलेल्या हातांनी स्वच्छता होत नाही.

हे कौशल्य कामगाराला येतच नाही, असे मात्र कोणी समजू नये. पहिले इंडिया कॉफी हाउस मुंबईत १९३६ साली निघाले. पुढे कॉफी बोर्डाने ही उपाहारगृहे बंद करावयास घेतली, तेव्हा कॉम्रेड ए. के. गोपालन यांच्या पुढाकाराने नोकरांनी सहकारी संस्था काढल्या. १९५७ साली बंगळूरमध्ये आरंभ झाला. कालपर्यंत कप उचलणारे हिशेब शिकले, आणि त्या परंपरेतील संस्था आजही अनेक शहरांत चालू आहेत. ते शिकले म्हणून टिकले. आम्ही शिकलो नाही म्हणून बुडालो.

अखेर आम्ही त्या मॅनेजरच्या घरी गेलो व क्षमा मागितली. “पातळ डाळीचे बोलणे खरे होते,” तो म्हणाला, “ताटामागे मिळणारे पैसेच अपुरे होते. पण ते तुम्ही कधी विचारलेच नाही.” त्याने वही उघडून दाखवली. आम्ही भांडायला हवे होते ते त्या आकड्याशी. भांडलो गल्ल्यावरच्या माणसाशी. पुढे तो समितीत बसून आम्हांला शिकवू लागला आणि ताटाचा दर वाढवून घेण्याची मागणी आम्ही त्याच्या वहीवरूनच मांडली.

१९४८ च्या कारखाना कायद्याने २५० हून अधिक कामगारांच्या कारखान्यांसाठी कँटीनची तरतूद केली. २०२० च्या संहितेत ही मर्यादा १०० वर आणली आणि कंत्राटी कामगारही त्यांत मोजले. कायदा ताट ठेवील. ते भरण्याचे ज्ञान आपणच मिळवले पाहिजे. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की तक्रार अवश्य करा, पण आधी वही मागा आणि ती वाचायला शिका.