खांद्यावरचा इवला आकडा

घातांक म्हणजे काय, हे सभागृहात कुणाला समजावायचं नव्हतं. पाहुण्या वर्ध्याच्या, निवृत्त गणितशिक्षिका. लेकीकडे आल्या आणि व्याख्यानासाठी मंडळाच्या हाती सापडल्या. त्यांनी थेट दोन आकडे लिहिले: 12,36,736 आणि 13,00,774. वर्धा जिल्ह्याची 2001 आणि 2011 ची लोकसंख्या. दशकाचा गुणक 1.0518. त्याआधीच्या दशकात तो 1.1587 होता.

"लोकसंख्या चक्रवाढ व्याजासारखी वाढते" या वाक्याचा बाईंना भारी राग. सावकाराचा दर दुष्काळात उतरत नाही. जिल्ह्याचा उतरतो. 1891 ते 1901 या काळात दोन मोठे दुष्काळ पडले आणि वर्ध्याची माणसं सुमारे 4 टक्क्यांनी घटली. गुणक एकाच्याही खाली गेला.

मग त्यांनी 1.1587 चा पाचवा घात काढला: दोनाच्या पुढे. म्हणजे पन्नास वर्षांत दुप्पट. 1.0518 ला त्यासाठी चौदावा घात लागतो, म्हणजे एकशेचाळीस वर्षं! ऋण घातांक लावून मागे गेलं तर आणखी गंमत. 2011 च्या आकड्याला 1.0518 च्या उणे एक घाताने गुणलं की 2001 चा आकडा बरोबर मिळतो. उणे दोनला मात्र 1991 साठी 11,75,850 येतात, आणि प्रत्यक्षात होते 10,67,357. लाखाहून जास्त माणसं नुसत्या सूत्राने जन्माला घातलेली.

"शून्य घात म्हणजे एक, मग माणूस एकच?" पुढच्या रांगेतल्या मुलीने विचारलं.

"गुणक एक गं. सुरुवातीला होती तेवढीच माणसं."

हिंगणघाटकडच्या एका गृहस्थांनी विषय बोंडअळीवर नेला. 2017 साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची दैना केली, हे त्यांनी गावी ऐकलं होतं. बाई खुलल्याच. अळीची एक पिढी उबदार हवेत साधारण महिन्याभरात उरकते. समजा, दर पिढी दसपट झाली, तर तीन पिढ्यांत हजारपट. हंगाम संपला तरी पराटी, म्हणजे कपाशीची झाडं, उभी ठेवून फरदड, म्हणजे त्यांच्यावरच पुढचं पीक, घेतली की अळीला आणखी एकदोन पिढ्या मिळतात. हजाराचे दहा हजार, लाख. "फरदड घेऊ नका" म्हणजे घातांक वाढू देऊ नका. पराटी वेळेवर उपटली की पायथ्याची संख्याही तुटते. या उदाहरणावर त्या वेळापत्रक विसरून वीस मिनिटं रमल्या.

गुणक का उतरला, असा शेवटचा प्रश्न. जन्म कमी झाले, असं सांगून त्यांनी उलट विचारलं, "वर्धा जिल्हा सोडून आलेले इथे किती?" पुष्कळ हात वर गेले.

2021 ची जनगणना झालीच नाही. त्या रकान्यात बाईंनी 1.0518 ने गुणून 13,68,000 लिहिले आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.