पी.पी. नंबर



मला विषय दिलाय ‘मोबाईल आणि बदललेलं गाव’. मलाच का, तर गावातला पहिला एसटीडी बूथ माझा. वर्गात तोंड न उघडणाऱ्या पोरानं पुढं लोकांच्या बोलण्यावर पोट भरलं, हे ऐकून समोर बसलेल्या मराठीच्या बाईंना हसू येतंय, ते मला दिसतंय.

आपल्या खानापूर-आटपाडीकडचं तुम्हाला नव्यानं सांगायला नको. पावसाचा भरवसा नाही, म्हणून माणसं गलाईला बाहेर पडली. आपल्याच वर्गातले अकरा जण दहावीनंतर गेले. कोणी कोईमतूरला, कोणी मदुराईला, कोणी अमृतसरला. भट्टीपुढं आणि ॲसिडच्या वाफेत जुनं सोनं-चांदी गाळायचं आणि घरी पैसे धाडायचे. १९९३ साली मी बूथ टाकला, तो या माणसांच्या जिवावरच. त्यांच्या पत्रात, कार्डावर, लग्नपत्रिकेवर माझा नंबर असायचा आणि पुढं ‘पी.पी.’. म्हणजे फोन दुसऱ्याचा आहे, आमच्या माणसाला बोलावून द्या.

रात्री उशिरा दर पाव व्हायचा, तेव्हा गर्दी. फोन आला की पोरगं पळत वस्तीवर जायचं, दहा मिनिटांनी पुन्हा फोन यायचा. तोवर पदर सावरत सून यायची आणि तिच्यामागं सासू. काचेच्या त्या खोक्यात एक माणूस कसाबसा मावायचा, पण सासूही आत शिरायची. सून काय बोलणार? “हो.” “बरं हाय.” “पैसे मिळाले.” एक बाई मला अजून आठवते. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. चार मिनिटं ती रिसीव्हर कानाला लावून नुसती उभी राहिली. तिकडूनही काही आवाज नसावा. मीटरचे लाल आकडे पळत होते आणि मी त्यांच्याकडं बघत होतो. पैसे मी पूर्ण घेतले.

२००३ ला येणारे फोन फुकट झाले, मिस्ड कॉलचे दिवस आले आणि २००९ ला मी बूथ बंद करून तिथं किराणा टाकला. पुढचं तुम्ही सगळ्यांनी पाहिलंय. २०१३ ला तार बंद झाली. ‘तार आली’ म्हटलं की रडारड सुरू व्हायची, ते आताच्या पोरांना पटत नाही. २०१६ नंतर नेट स्वस्त झालं आणि सोन्याचा भाव, सातबारा, कीर्तन, पत्त्यांचा जुगार सगळं एकाच खिशात आलं. आमच्या गल्लीतल्या एकानं कुणाला तरी ओटीपी सांगून शेळ्या विकून आलेले पैसे घालवले. आणि २०२० च्या टाळेबंदीत कोईमतूरला अडकलेल्या आपल्याच एका मित्रानं वडिलांचा अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. फोन मी धरला होता. हात हलू नये म्हणून दुसऱ्या हातानं मनगट धरलं होतं. त्याला चांगलं म्हणायचं की वाईट, मला ठरवता आलेलं नाही.

पण सांगायचं आहे ते माझ्या घरातलं. बूथवर सोळा वर्षं बसून मला वाटायचं, फोनमुळं काय होतं ते माझ्याइतकं कोणाला कळत नाही. म्हणून ‘पोरींच्या हातात मोबाईल नको’ असं चावडीवर मोठ्यानं म्हणणाऱ्यांत मी पुढं होतो. मुलाला बारावीलाच घेऊन दिला होता, त्याचं काही वाटलं नाही. २०२० ला मुलगी अकरावी सायन्सला गेली आणि कॉलेज मोबाईलवर आलं. तोवर मुलगा त्याचा फोन घेऊन पुण्याला गेलेला. घरी स्मार्टफोन एकच, माझा, दुकानाचा. मी तिला रोज एक तास द्यायचो आणि शेजारी खुर्ची टाकून बसायचो. तास संपला की हात पुढं करायचो. महिनाभरानं एक दिवस फोन माझ्या हातात देताना ती म्हणाली, “आप्पा, मीटर पण लावा की.”

मी चिडलो. बरंच बोललो. रात्री तिची आई एवढंच म्हणाली, “तुम्ही त्या खोक्यातल्या सासवांना नावं ठेवायचा.” 

दिवाळीनंतर तिला फोन घेतला, पण तोवर फिजिक्स आणि गणित तिच्या हातातून निसटलं होतं. बारावीला तिनं शाखा बदलली. आज ती पलूसला एका ऑफिसात अकाउंट बघते, चांगलं कमावते, बापावर रागही धरत नाही. तिला नर्सिंगला जायचं होतं.

आता या मेळाव्याचं. तीन महिने मी आणि मॉनिटर सगळ्यांचे नंबर गोळा करत होतो. वर्गात एकोणीस मुली होत्या, चौदा सापडल्या. त्यातल्या सहा जणींचा जो नंबर मिळाला तो ‘ह्यांचा’ किंवा मुलाचा. फोन केला की तिकडून पुरुषाचा आवाज, “थांबा, बोलावतो.” मला क्षणभर वाटलं, मी बूथवरच बसलोय. एकीशी बोलत होतो, तर मागून कोणीतरी विचारत होतं, कोण आहे, कशाला आहे. ती म्हणाली, “शाळेचं आहे,” आणि फोन ठेवला. ती आज आलेली नाही.

स्मरणिकेत शेवटी पत्ते आणि फोनची यादी छापायची आहे. मैत्रिणींनो, त्यात तुमच्या नावापुढं मला तुमचा नंबर हवाय. नसेल तर जागा कोरी ठेवतो, दुसऱ्याचा छापणार नाही. जेवणानंतर मी दाराजवळच्या टेबलावर वही घेऊन बसतोय. मॉनिटरला तिथं उभं राहू देणार नाही.