खोकला लपवू नका
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. हळदीकुंकवाला गाणे म्हणण्यापलीकडे मी या जागी कधी उभी राहिले नाही. तेव्हा चुकले-माकले सांभाळून घ्यावे.

माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेत आहे. तिने मला आयर्लंडमधील डॉ. डोरोथी प्राइस या बाईंची हकीकत वाचून दाखविली. ती ऐकताना मला माझाच एक अपराध आठवला. दोन्ही गोष्टी आज सांगते.

प्राइसबाईंचा जन्म १८९० साली डब्लिन शहरी झाला. त्या शहरात १९१९ मध्ये बायकांनीच पुढाकार घेऊन गरिबांच्या तान्ह्या मुलांसाठी सेंट अल्टन्स नावाचे रुग्णालय काढले होते. तेथे काम करीत असता बाईंनी मुलांच्या क्षयाचा अभ्यास आरंभिला. परदेशची पुस्तके वाचता यावीत म्हणून त्या जर्मन भाषा शिकल्या. ट्युबरक्युलिन म्हणून एक परीक्षा आहे. कातडीत थेंबभर द्रव टोचायचा आणि दोन-तीन दिवसांनी तेथे गाठ उठते का ते पाहायचे. उठली म्हणजे क्षयाचे जंतू अंगात शिरले असावेत असे समजायचे. त्या काळी त्या देशात ही परीक्षा फारशी कोणी करीत नसे. बाईंनी ती चिकाटीने केली. अशा मुलाला जंतू बहुधा घरातल्याच खोकणाऱ्या मोठ्या माणसाकडून मिळालेले असतात. म्हणून मूल सापडले की ते माणूस शोधलेच पाहिजे.

आता माझे ऐका. दहा वर्षांपूर्वी आमच्या सासूबाईंना दोन महिने खोकला होता. अडुळसा झाला, ज्येष्ठमध झाला, गुण येईना. वन्संचे लग्न ठरत होते. क्षय म्हटले तर सोयरीक मोडेल, या भीतीने आम्ही तोंडे मिटून बसलो. तोच माझा पाच वर्षांचा मुलगा वाळू लागला. रोज संध्याकाळी अंग कोमट. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, “घरात कोणी खोकते का?” मी म्हटले, “नाही.” भगिनींनो, पोटचे पोर मांडीवर घेऊन मी खोटे बोलले.

त्या रात्री मला झोप आली नाही. सकाळी सासूबाईच म्हणाल्या, “सूनबाई, मला घेऊन चल.” त्यांच्या बेडक्यात जंतू निघाले, मुलाच्या छातीत गाठी निघाल्या. दोघांनी सहा महिने सरकारी औषध विनामूल्य घेतले आणि दोघेही बरे झाले. लग्नही झाले. व्याह्यांना आम्ही सारे सांगितले; त्यांनी एवढेच विचारले, “औषध पुरे केले ना?”

माझ्या मुलाला जन्मतः बी.सी.जी. टोचलेली होती, हेही सांगायला हवे. ही लस फ्रान्समधील काल्मेत आणि गेरँ या दोघांनी तेरा वर्षे खपून तयार केली आणि १९२१ साली प्रथम एका बाळाला दिली. पुढे १९३० मध्ये जर्मनीतील ल्यूबेक गावी लसीत चुकून रोगाचे जिवंत जंतू मिसळले आणि सत्तरांहून अधिक बाळे दगावली. आया घाबरल्या त्यात नवल नाही. तरी प्राइसबाईंनी स्वीडनला जाऊन तेथील काम डोळ्यांनी पाहिले, आणि १९३७ मध्ये आपल्या रुग्णालयात लस टोचण्यास प्रारंभ केला. महायुद्धात लस येणे थांबले. पण बाईंनी काम सोडले नाही. १९४९ मध्ये देशभर लस देण्यासाठी समिती नेमली गेली, तिच्या अध्यक्षा त्याच झाल्या. १९५४ साली त्या वारल्या.

ही लस लहान मुलांना क्षयाच्या मेंदूज्वरासारख्या भयंकर प्रकारांपासून पुष्कळ वाचविते. परंतु ती पक्के कवच नव्हे. म्हणून बाळाला लस टोचा, आणि घरातल्या मोठ्यांवरही लक्ष ठेवा. दोन आठवड्यांवर खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या. घरात रोगी निघाला तर मुलांना दाखवा. रोग नसला तरी त्यांना प्रतिबंधक गोळ्या मिळतात. बरे वाटले म्हणून औषध मध्येच सोडू नका.

आणि आजारी माणसाची थट्टा किंवा कुजबूज आपल्या आळीत होऊ देऊ नका. शेजारणींच्या तोंडाच्या भीतीनेच मी खोटे बोलले होते, आणि मीही कुणाची तरी शेजारीण आहेच.