अमेरिकेचं लायसन्स, व्हीटीवालं विमान आणि माझी एक्सेल शीट

आज कोडिंग नाही, आज विमान. मी पायलट नाही, पण माझी मामेबहीण आहे. सांगलीची. फ्लोरिडात जाऊन तिनं कमर्शियल पायलट लायसन्स काढलं आणि त्यासाठी मामांनी घर तारण ठेवून कर्ज घेतलंय. हे आधीच सांगतो, कारण पुढे नुसता तासांचा हिशोब येणार आहे, आणि त्यातला एकेक तास डॉलर मोजून घेतलेला असतो.

परतीच्या तिकिटाला तीन आठवडे उरले होते तेव्हा तिचा फोन आला. "दादा, तू एक्सेलवाला ना? माझं लॉगबुक डीजीसीएला लागतं तसं लावून दे." म्हटलं, दोन तासांचं काम.

पण लायसन्स आहेच की, मग इथे परत कशाला? तर १९४४ चा शिकागो करार. विमान ज्या देशात नोंदलेलं, त्या देशानं दिलेलं किंवा ग्राह्य धरलेलं लायसन्स पायलटकडे लागतं. अमेरिकेतल्या विमानावर नोंदणीचं अक्षर असतं एन, आपल्या विमानांवर व्हीटी. शिवाय आपल्याच नागरिकाला दुसऱ्या देशानं दिलेलं लायसन्स आपल्या हद्दीत नाकारायचा हक्कही प्रत्येक देशानं राखून ठेवलाय. म्हणून कन्व्हर्जन.

आता आपल्या भाषेत. आयकाओ म्हणजे स्पेसिफिकेशन. अमेरिकेची एफएए आणि आपली डीजीसीए ही त्याची दोन इम्प्लिमेंटेशन्स. फील्डचं नाव एकच, अर्थ वेगळा. बग नेमका तिथेच असतो, नाही का?

ते फील्ड म्हणजे पीआयसी, पायलट इन कमांड. डीजीसीएला एकूण २०० तास लागतात, त्यातले १०० पीआयसी. अमेरिकेत एकदा प्रायव्हेट लायसन्स हातात आलं की शेजारी इन्स्ट्रक्टर बसलेला असतानाही, विमान तुम्ही चालवत असाल तर तो तास पीआयसी म्हणून लिहिता येतो. तोच तास ड्युअलच्या रकान्यातही जातो. आणखी एक गंमत. मित्र डोळ्यांवर हूड लावून इन्स्ट्रुमेंटचा सराव करतोय, तुम्ही सेफ्टी पायलट म्हणून बाहेर बघताय, तर दोघंही पीआयसी लिहू शकता. विमान उडालं एक तास, लॉगबुकांत झाले दोन. तिथे हे अगदी कायदेशीर आहे. आपल्याकडे हे तास पीआयसीत धरत नाहीत.

तिच्या लॉगबुकात पीआयसी १३१ होते. मी ड्युअलचे २७ काढले, सेफ्टी पायलटचे १३ काढले. उरले ९१. फॉर्म्युला चुकला असेल म्हणून तीनदा तपासला.

"अगं, एक्क्याण्णवच येतायत."

"असं कसं? इन्स्ट्रक्टर म्हणाला पुरेसे आहेत."

तो खोटं बोलत नव्हता. त्याच्या देशात ते पुरेसेच होते.

तिनं तिकीट पुढे ढकललं. मामांना सांगायचं काम अर्थातच माझ्या गळ्यात. मामा एवढंच म्हणाले, "किती?" मी आकडा सांगितला. बराच वेळ फोनवर फक्त त्यांच्या घरातल्या टीव्हीचा आवाज येत होता. मग म्हणाले, "तिला म्हणावं, दोन-चार जास्तच कर." तिनं बारा तास केले, एकटीनं.

तास भरले म्हणजे झालं असं नाही. त्या १०० पैकी १५ तास अर्ज करण्याच्या आधीच्या सहा महिन्यांत झालेले लागतात. म्हणजे तासांना एक्स्पायरी आहे! आणि त्या मुदतीत क्लास वन मेडिकल, रेडिओचं आरटीआर, एअर रेग्युलेशन्सचा पेपर, नेव्हिगेशन-मेटिओरॉलॉजीचा कंपोझिट पेपर, पासिंग ७० टक्क्यांना. वर लायसन्स खरं असल्याचं अमेरिकेकडून व्हेरिफिकेशन. एक कागद अडला की बाकीचं सगळं शिळं होत जातं. आणि परत तास करायचे तर परत पैसे. जाण्याआधीच इथे पेपर देऊन मोकळी होणारी मुलं शहाणी. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या होत्या, "आल्यावर बघू."

काल तिचा मेसेज आला, व्हेरिफिकेशन झालं. कंपोझिट सुटलाय. रेग्युलेशन्सचा निकाल बाकी आहे. शीटमध्ये मी एक सेल लाल करून ठेवलाय, रोज एकानं कमी होतो. आज तिथे ७४ दिवस दिसतायत.

कुणाचं भावंड तिकडे शिकत असेल आणि शीटची रिकामी कॉपी हवी असेल तर मेसेज टाका, पाठवतो. फक्त तिकीट काढायच्या आधी मागा.