किराण्याचा धर्मादाय आणि मुलांचे क्रीडांगण



जळगावच्या नव्या वसाहतींतून सायंकाळी फेरफटका मारणाऱ्यास एक दृश्य वारंवार दिसते. घरे टुमदार, दारात वाहने. पण मुले मात्र रस्त्यावर चेंडू खेळत असतात. वसाहतीचा आराखडा मंजूर होताना जी मोकळी जागा राखून ठेवावी लागते, तिच्यावर पुष्कळ ठिकाणी काटेरी झुडपांचेच राज्य असते. जागा आहे, मुले आहेत. उणीव आहे ती दोन झोक्यांची, थोड्या वाळूची आणि चार कडुलिंबांच्या सावलीची. खानदेशच्या उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या घरात गेला, की सावलीवाचून लोखंडी घसरगुंडी म्हणजे तापलेला तवाच होय!

यास पैसा कोठून आणावयाचा? महानगरपालिकेकडे बोट दाखवून आपण मोकळे होतो. आज मी आपले लक्ष घरच्या किराण्याच्या यादीकडे वेधू इच्छितो.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना ही कल्पना नवी वाटणार नाही. तेथे क्रोगर नावाच्या दुकानांत गिऱ्हाइकाने आपले खरेदीचे कार्ड एखाद्या लोकोपयोगी संस्थेशी जोडून दिले, म्हणजे त्याच्या खरेदीचा विचार करून कंपनी त्या संस्थेस देणगी देते. ॲमेझॉन कंपनीनेही 2013 मध्ये अशी योजना काढली होती. ठराविक खरेदीवर शेकडा अर्धा याप्रमाणे देणगी मिळे. 2023 च्या फेब्रुवारीत कंपनीने ती बंद केली. दुसऱ्याच्या मर्जीवर उभारलेल्या दानाचे असेच व्हावयाचे.

आपल्याकडील रीत याहून जुनी आहे. सौद्यामागे काही पैसे ‘धर्मादाय’ म्हणून बाजूस काढण्याची वहिवाट आपल्या बाजारपेठांत होती, आणि त्यांतून पांजरपोळ व धर्मशाळा यांसारखी कामे चालत. 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या 54 व्या कलमाने या वहिवाटीस शिस्त लावली. रूढीने अथवा उभयतांच्या संमतीने घेतलेली अशी रक्कम व्यापाऱ्याच्या मालकीची नव्हे. तो तिचा केवळ विश्वस्त होय, आणि हिशेबाचे वर्ष संपल्यावर तीन महिन्यांच्या आत त्याने धर्मादाय आयुक्तांच्या खात्याकडे हिशेब दिला पाहिजे. याच कायद्याचे 9 वे कलम लोकहितार्थ केलेल्या करमणुकीच्या सोयींनाही धर्मादाय कार्य मानते. तात्पर्य, मुलांचा झोका हादेखील धर्मच आहे.

आता थोडे गणित करू. समजा, एका वसाहतीत तीनशे घरे आहेत आणि प्रत्येक घर महिन्यास चार हजारांचा किराणा भरते. शेकडा अर्धा धर्मादाय धरला तर घरामागे वीस रुपये पडतात. महिन्याचे सहा हजार आणि वर्षाचे बहात्तर हजार होतात. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून जो पैसा फंड उभारला, त्यातूनच 1908 मध्ये तळेगावचा काचकारखाना निघाला. लहान नाण्याची शक्ती महाराष्ट्राने एकदा पाहिली आहे.

परंतु तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले, ही रक्कम गिऱ्हाइकाच्या राजीखुशीने घ्यावी. भाव वाढवून दान केल्याचा आव कोणी आणू नये. जो मजूर रोजच्या मिळकतीतून पावशेर तेल नेतो, त्याच्याकडे ती मागूच नये. त्याच्या मुलाचा झोक्यावरील हक्क मात्र इतरांइतकाच असावा. दुसरे, जमाखर्च दर महिन्यास दुकानाच्या फलकावर लावावा. तिसरे पथ्य सर्वांत अवघड आहे: पहिल्याच वर्षी सारा पैसा खर्चू नये. उद्घाटनास हार मिळतात. पुढच्या वर्षी साखळीची तुटलेली कडी बदलावयास आणि वैशाखात रोपांना पाणी घालावयास कोणी येत नाही. म्हणून निम्मी रक्कम देखभालीसाठी राखून ठेवावी.

भगिनींनो, घरची यादी बहुधा आपणच करता. डाळ, तांदूळ, गूळ, तेल यांच्या खाली यापुढे आणखी एक ओळ लिहावी: मुलांचे मैदान. ती ओळ लिहिली की वाण्याला आपण होऊन विचारावे, “आमच्या धर्मादायाचा हिशेब कोठे लावला आहे?” ज्या दिवशी हा प्रश्न विचारण्यास आपल्याला संकोच वाटणार नाही, त्या दिवसापासून काटेरी झुडपे हटू लागतील.