घराचा विमा आणि पुनर्बांधणीचा खर्च

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाने किल्लारी परिसरातील दगडमातीची घरे जमीनदोस्त झाली. अशा वेळी घराची मूळ किंमत नव्हे, तर चालू दराने होणारा पुनर्बांधणीचा खर्च महत्त्वाचा ठरतो. सिमेंट, लोखंड व मजुरी महागली आणि विम्याची रक्कम तीच राहिली, तर संरक्षण अपुरे पडते. १० लाखांच्या इमारतीचा विमा ५ लाखांचाच असल्यास, सरासरीच्या तत्त्वानुसार २ लाखांच्या नुकसानीपोटी १ लाखच मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या ‘भारत गृह रक्षा’ विम्यात निवासी घरांपुरती ही कपात वगळण्यात आली आहे. तथापि, चटईक्षेत्र व बांधकामाचा दर अचूक नोंदविणे हे घरमालकाचेच कर्तव्य होय. ही जाणीव ग्रामपंचायतींनी व शिक्षकांनी गावोगावी रुजवावी.