हळद विकली, घरात काय ठेवले?



गेल्या हंगामात सांगली भागातील एका हळद बागायतदाराच्या घरी जेवायला बसण्याचा योग आला. सोप्यात हळकुंडांची पोती रचलेली, आणि चुलीपाशी डब्यात मात्र दुकानातून आणलेली पुडीची हळद! मालकीणबाईंना विचारले, तर हसून म्हणाल्या, "अहो, ती इकायची हाय. घरात कोण दळत बसतंय?" परसात शेवगा होता. शेंगा बाजारात जात होत्या आणि पाला शेळीला. आणि बाईंच्या पापण्या आतून पाहिल्या, तर पांढऱ्याफटक. आजचे बोलणे यावरच आहे.

वांगे चिरून ठेवले की काळे पडते, हे आपण रोज पाहतो. ही हवेतल्या प्राणवायूची करामत. त्याच फोडीला लिंबू चोळले, तर काळे पडणे लांबते. आपल्या शरीरातही अन्नापासून शक्ती तयार होताना, आणि विडीच्या धुराने तर जास्तच, पेशींना इजा करणारे घटक तयार होतात. त्यांना आवर घालणाऱ्या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. नाव मोठे असले तरी माल आपल्या घरचाच आहे. पाल्याचा गर्द हिरवा रंग, भोपळ्याचा पिवळा, आवळ्याचा तुरटपणा, लवंगेचा वास, यांतच ती द्रव्ये असतात.

आधी हळदीचे बघू. हळदीतले पिवळे द्रव्य, म्हणजे कुर्क्युमिन, पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळते. शिवाय ते अंगाला फार थोडे लागते. मिऱ्यातील तिखट द्रव्याबरोबर ते जास्त शोषले जाते, असे बंगळूरच्या संशोधकांनी १९९८ साली दाखवून दिले. म्हणजे तेलाच्या फोडणीत हळद आणि वर मिरपूड, ही आपल्या आजीची रीत काही चुकीची नव्हती. मात्र हळद हे औषध नव्हे. चिमूटभर हळदीने दुखणी पळतात असे कोणी सांगितले, तर ऐकून सोडून द्या.

पुडीच्या हळदीचा धोका वेगळाच आहे. रंग खुलावा म्हणून काही ठिकाणी तीत लेड क्रोमेट मिसळतात. ते शिशाचे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा फार त्रास होतो. तेव्हा स्वतःच्या हळदीतली निवडक, रंग न लावलेली हळकुंडे आधी बाजूला काढा, मग पोती शिवा. पाच माणसांच्या घराला वर्षाला दोनेक किलो पुरतात. तेवढ्याने पट्टी काही बुडत नाही.

आता शेवगा. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे ५४ जणींच्या अंगात रक्त कमी आढळले. शेवग्याच्या पाल्यात लोह आहे, चुना आहे, आणि डोळ्यांना लागणारे कॅरोटीनही आहे. आठवड्यातून दोन-तीनदा कोवळ्या पाल्याची भाजी करा, किंवा मूठभर पाला डाळीत टाका. पाला आधी धुवा, मग चिरा. उकडून पाणी ओतून देऊ नका, त्यातच सत्त्व जाते. थोडे तेल हवेच, त्याशिवाय कॅरोटीन अंगी लागत नाही. लिंबू मात्र ताटात बसल्यावर पिळा. कढईत टाकले तर त्यातले क जीवनसत्त्व उष्णतेने कमी होते. या जीवनसत्त्वामुळे पाल्यातले लोह चांगले शोषले जाते. आवळ्यात ते संत्र्याच्या निदान पाचपट असते, म्हणून हिवाळ्यात रोज एखादा आवळा मीठ लावून मुलांना द्या.

आणि चहा? जेवणावर लगेच चहा घेतला तर हे लोह बरेचसे वाया जाते. तासभर थांबा. (पुरुषमंडळींनी चहा मागितला, तर त्यांनाही थांबवा.)

तांदुळजा, घोळ, पाथरी या रानभाज्याही गुणाच्या आहेत. पण तणनाशक मारलेल्या बांधावरच्या किंवा फवारलेल्या कपाशीतल्या कधीही खुडू नका. परसात सांडपाण्याच्या कडेला शेवगा, कढीपत्ता, लिंबू एवढी तीन झाडे असली तरी पुष्कळ झाले. शेवगा तर पावसाळ्याच्या तोंडाला नुसती फांदी खोचली तरी धरतो.

हल्ली याच द्रव्यांच्या गोळ्या दुकानात मिळतात. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या पुरुषांना कॅरोटीनच्या गोळ्या देऊन पाहिल्या, तर फुप्फुसाचा कर्करोग कमी न होता वाढला. हा निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाला. तेव्हा गोळीचे पैसे वाचवा. मात्र डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या, मधुमेहाच्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या भाजीच्या भरवशावर बंद करू नका. पापण्या पांढऱ्या दिसत असतील, चढावर धाप लागत असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन रक्त तपासून घ्या. त्या बाईंनाही मी तेच सांगून आले.